उघडी ठेवलेली फ्लॉपी

आमच्या घरात बसून करायची कामं फार होती. मोगऱ्याच्या कळ्या ओवायच्या त्या बसून, पानवेलीची पानं निवडून त्यांच्या कवळ्या, म्हणजे जुड्या, लावायच्या त्या बसून, उन्हात सुकवायच्या सुकेळीसाठी पिकलेली राजेळी केळी सोलायची तीही बसून. आयला, म्हणजे माझ्या आईला, त्यात तंद्री लागायची. हात चालू, ओठांवर एखादी प्रार्थना, आणि मागे बावीवरच्या मोटरचा घुर्र आवाज आणि पाटातून पाणी पळत असल्याचा. मला मात्र पाचव्या कळीला पाठीत कळ यायची. मी उठून पाणी पिऊन यायचे, मांजराला हाकलून यायचे, मोटर उगाच तापली का ते बघून यायचे. आय मान वर न करता म्हणायची, "हिच्या बुडाखाली इंगळ ठेवलाय कोनी, कोन जाने." आमची घरची बोली आहे तशी कागदावर बसत नाही, मी तिला थोडी छाटून इथे बसवली आहे, आमच्या गास गावच्या लोकांनी रागावू नये.

मोगऱ्याचं काम सगळ्यांत वाईट, कारण ते कधी संपत नाही. उजाडायच्या आत वाडीत जायचं, दव पडलेल्या झाडांतून वाकून कळ्या खुडायच्या, परकर गुडघ्यापर्यंत ओला, आणि सूर्य वर आला की सगळी करंडी दादरच्या गाडीला गेलीच पाहिजे. उद्या परत तेवढ्याच कळ्या. वास सगळ्यांना आवडतो. मला अजूनही कोणी गजरा दिला की मान दुखायला लागते. बी.एस्सी. झाल्यावर वर्षभर मी हेच करत होते आणि आतून धुमसत होते. दोन मुली हाताखाली असाव्यात एवढी आमची वाडी होती आणि आयच्या वाट्याला मी एकटी आले होते, तेही असल्या स्वभावाची. तिची बाजू मला तेव्हा दिसत नव्हती असं नाही. दिसत होती आणि म्हणूनच जास्त चिडचिड व्हायची.

अशात आमच्या शाळेत कॉम्प्युटर आला. आखातात नोकरीला गेलेल्या माजी विद्यार्थ्यांनी मिळून तो पाठवला होता. शाळेचे व्यवस्थापक म्हणजे आमच्या देवळाचे फादर. (चर्चला आम्ही देऊळच म्हणतो.) त्यांनी गावात गणित झालेलं कोण आहे याची चौकशी केली आणि मला बोलावणं आलं. कंपनीचा माणूस मुंबईहून आला, त्याने मशीन जोडलं, मला दोन दिवस शिकवलं, एक जाड इंग्रजी पुस्तक दिलं आणि जाताना म्हणाला, "मॅडम, ही एकच फ्लॉपी आहे, हिच्यावरच मशीन सुरू होतं, लगेच कॉपी करून ठेवा. अडलं तर सातिवलीत एका कारखान्यात आमचं असंच मशीन दिलंय." मला आयुष्यात पहिल्यांदा कोणी मॅडम म्हटलं होतं, त्यामुळे पुढचं मी अर्धवटच ऐकलं.

नोकरी तात्पुरती होती. शाळेच्या कमिटीत इनासमामा म्हणून एक वजनदार गृहस्थ होते, त्यांना ती खोली मुलींच्या शिवणवर्गाला हवी होती. शेवटी असं ठरलं की ईस्टरआधीचा उपवासकाळ संपायच्या आधीच्या एका रविवारी, देवळात मिस्सेची प्रार्थना झाल्यावर, कमिटी आणि पालक येऊन मशीन बघतील. मशीन उपयोगाचं वाटलं तर वर्ग पुढच्या वर्षीही चालेल, नाहीतर ते कपाटात जाईल. आयने घरी त्याचा सरळ अर्थ लावला. "मशीन चाललं तं शाला. नाय चाललं तं मोगरा. मंग परत काय बोलायचं नाय." बाबांनाही हे मान्य होतं. मीही हो म्हटलं. मला वाटलं, मशीन न चालायला काय झालं?

आता आमच्याकडे कुठलीही नवी वस्तू आली की तिला आशीर्वाद लागतो. बावीला लागतो, मोटरसायकलला लागतो, पाण्याच्या पंपाला लागतो. इनासमामांनी ट्रॅक्टर आणला तेव्हा फादरांनी त्याच्या इंजिनाचं झाकण उघडायला लावून आत पवित्र पाणी शिंपडलं होतं. तेव्हा कॉम्प्युटरलाही आशीर्वाद होणार यात कोणाला काही वाटलं नाही, मलाही नाही. उद्घाटनाच्या दिवशी वर्ग झाडून पुसून काढला, टेबलावर आयने दिलेली पांढरी चादर घातली, त्यावर मशीन आणि बाजूला फ्लॉपी, तिच्या कागदी पाकिटात. आय तासभर आधीच येऊन बसली होती. तिने ते पाकीट बघितलं आणि म्हणाली, "झाकलेल्या वस्तूला आशीरवाद लागत नाय गो. काड ते." हा आमच्या बायकांचा जुना नियम आहे. फादर घरोघर आशीर्वाद द्यायला आले की कपाटांची दारं उघडी, तांदळाच्या पिंपाचं झाकण काढलेलं, एवढंच काय गादीसुद्धा उलटून ठेवलेली असते. मी फ्लॉपी पाकिटातून काढली आणि नीट दिसावी म्हणून तिच्या आवरणाची लांबट खिडकी वर करून ठेवली.

ज्यांनी ती जुनी मोठी फ्लॉपी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगते. एक काळी पातळ चकती, चौकोनी आवरणात कायमची बंद केलेली. आवरणाला एका बाजूला लांबट खिडकी, आणि त्या खिडकीतून चकती उघडी दिसते. मशीन तिथूनच वाचतं, तिथूनच लिहितं. त्या खिडकीला बोटसुद्धा लावायचं नसतं. फादरांचा हात मोठा आणि मन त्याहून मोठं. त्यांनी प्रार्थना म्हटली आणि पवित्र पाणी असं शिंपडलं की पहिल्या रांगेतली मुलंही भिजली. एक टपोरा थेंब बरोबर त्या खिडकीत पडला. मी पुढे होऊन टिपणार तोच आयने स्वतःच्या पदराने तो पुसला, चांगला दाबून, जेवायच्या पाटावरचं पाणी पुसावं तसा. तिला वाटलं आपण मदत केली. मला वाटलं, वाळेल. पण पवित्र पाण्यात मीठ घातलेलं असतं.

मशीन सुरू झालं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, पेढे वाटले. दुसऱ्या दिवसापासून ड्राइव्हमधून एक आवाज येऊ लागला. खर्र, मग थांबायचा, परत खर्र. भाकरीच्या तव्यावर उलथनं ओढल्यासारखा. मशीन चालू होत होतं, पण दर वेळी थोडा जास्त वेळ घेऊन. मला कंपनीच्या माणसाचं वाक्य आठवलं आणि मी कॉपी करायला बसले. आमच्या मशीनला ड्राइव्ह एकच. कॉपी करायची आज्ञा दिली की ते पडद्यावर मूळ फ्लॉपी मागायचं, थोडं वाचून पोटात ठेवायचं, मग कोरी फ्लॉपी मागायचं, पोटातलं तिच्यावर ओतायचं, मग परत मूळ. असं आलटून पालटून सगळी चकती संपेपर्यंत. अर्ध्यावर आलं की तो खर्र आवाज, आणि पडद्यावर चूक. वाचता येत नाही. तिथेच काम बंद, केलेलं सगळं वाया. एकेक फाइल उचलून दुसरीकडे ठेवायचीही एक आज्ञा होती, पण तिला दोन ड्राइव्ह लागायचे. मी चार-पाचदा प्रयत्न केला आणि मग घाबरून थांबले, कारण दर प्रयत्नाला ते मशीन त्याच जखमेवर ओरबाडत होतं. मुंबईच्या कंपनीला फादरांनी पत्र टाकलं. उत्तर आलं, माणूस पुढच्या महिन्यात येईल. पुढच्या महिन्यात म्हणजे कमिटीचा रविवार होऊन गेल्यावर.

त्या जाड पुस्तकात मी मग चकतीची रचना वाचायला लागले. चकतीवर एकात एक वर्तुळं, प्रत्येक वर्तुळाचे सारखे तुकडे. त्या तुकड्याला सेक्टर म्हणतात. सुरुवातीच्या एका जागी यादी असते, कुठल्या नावाची फाइल कुठल्या सेक्टरांत आहे ती. आमच्या फ्लॉपीवर फार काही नव्हतं. निम्म्याहून जास्त चकती रिकामी होती, वाडीतल्या अजून न लावलेल्या वाफ्यांसारखी. आणि मिठाचा डाग होता तो त्या रिकाम्या भागात! हे मला पुस्तकावरून आणि कॉपी कुठे अडते त्यावरून हिशेब मांडल्यावर कळलं, आणि मी शाळेच्या त्या खोलीत एकटीच मोठ्याने हसले. मशीनची कॉपी मूर्ख होती. ती भरलेलंही वाचत होती आणि रिकामंही वाचत होती, आणि रिकाम्या जागेवर ठेच लागून पडत होती. मी जर असा प्रोग्राम लिहिला की जो आधी यादी वाचेल, भरलेले सेक्टर तेवढे उचलेल आणि रिकाम्याकडे बघणारही नाही, तर डाग तिथेच राहील आणि फ्लॉपी वाचेल.

म्हणायला सोपं. मी त्याआधी लिहिलेला सगळ्यात मोठा प्रोग्राम पाढे विचारायचा होता. आणि मशीनवर बसून चुकत चुकत लिहायची सोय नव्हती, कारण वीज कधी जाईल याचा भरवसा नाही, वीज गेली की मशीन परत सुरू करायचं, म्हणजे परत त्या आजारी फ्लॉपीला दाढेत घालायचं. म्हणून मी घरी, देवळाच्या जुन्या कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूंवर, पेन्सिलीने प्रोग्राम लिहायला लागले. आमच्या घरात एकांत म्हणजे काय ते कोणाला माहीत नव्हतं. ओटीवर सुकेळीची केळी उन्हात घातलेली, त्यांवर माशा बसू नयेत म्हणून मी तिथे राखणीला, बाबांचं आणि पानवाल्याचं मोठ्याने बोलणं, आत आय सुक्या बोंबलांचं कालवण ढवळत मधूनच हाक मारतेय, "मार्थू, केली परतलीस का?" मी केळी परतायचे, बोटं चिकट करून यायचे आणि कॅलेंडरवर चिकट ठसे उमटायचे. डोक्यात सेक्टर फिरायचे. भाकरी थापताना मी पिठात बोटाने वर्तुळ काढलं आणि त्याचे तुकडे केले. आयने ते बघितलं आणि भाकरी माझ्या हातातून घेतली. रोजरीच्या वेळी माझी माळ नेहमी मागे राहायची. रात्री झोप लागायची, पण दिवसा स्वस्थता नव्हती. चालता चालता थांबायचे, परत घरी पळायचे, खोडायचे, लिहायचे. एवढी अस्वस्थ मी नंतर कधीच नव्हते आणि खरं सांगायचं तर एवढी खूशही.

आयने एकदा विचारलं, "त्या थेंबानं झालं काय गो ते?"

मी म्हटलं, "नाही, मशीनच तसलं आहे."

तिला ते पटलं नाही. ती मिठाची बरणी फडताळात आत सरकवत होती, ती तशीच हातात धरून थोडा वेळ उभी राहिली.

कमिटीच्या रविवारआधीच्या शुक्रवारी दुपारी मी शाळेत एकटीच बसून प्रोग्राम मशीनमध्ये घातला. कोऱ्या फ्लॉपीवर तो जपून ठेवला. मग चालवला. पडद्याने मूळ मागितली, मी दिली. नक्कल मागितली, मी दिली. तो खर्र आवाज येणार म्हणून माझे दात आवळलेले होते. आला नाही. ड्राइव्ह सरळ, मऊ आवाजात चालत होता आणि आधी जे शाळा सुटेपर्यंत बसूनही अर्ध्यावर अडायचं ते काम थोड्या अदलाबदलींतच संपलं. मी खुर्चीवरून उठून खोलीत दोन फेऱ्या मारल्या. मग नक्कल तपासायची म्हणून मशीन बंद केलं, नक्कल घातली आणि बटण दाबलं.

काहीच नाही. पडद्याच्या कोपऱ्यात हिरवी रेघ लुकलुकत राहिली. परत बंद, परत चालू. तीच रेघ. मग घाबरत मूळ फ्लॉपी घातली. खर्र, खर्र, खर्र, आणि ती रेघ. इतके दिवस ओरबाडून घेतलेल्या मूळ फ्लॉपीने त्या दुपारी मान टाकली. आता नक्कलही चालत नव्हती आणि मूळही. मी मशीनवर चादर टाकली, खोलीला कुलूप लावलं आणि घरी आले. वाटेत कोणीतरी हाक मारली ती मला ऐकू आली, पण ओ द्यावीशी वाटली नाही.

ओटीवर गजऱ्यांसाठी मागे ठेवलेल्या कळ्यांचा ढीग पडला होता. मी पहिल्यांदाच न सांगता जाऊन ओवायला बसले. आय काय समजायचं ते समजली, समोर बसून तीही ओवू लागली. कशी कोण जाणे, हात कामात असतानाच मला चूक सापडली. मशीनला सुरू होताना यादी वाचता येत नाही, कारण यादी वाचायची अक्कल त्याला अजून आलेलीच नसते. ते डोळे मिटून चकतीचे पहिले काही सेक्टर उचलतं, आणि त्यांतून त्याला अक्कल येते. हे पहिले सेक्टर यादीत कुठल्याच नावावर नसतात. माझा प्रोग्राम यादीवर विसंबला आणि त्याने ते रिकामे समजून सोडून दिले. बाकी सगळं नकलेवर सुखरूप होतं, फक्त सुरुवातीचा चिमूटभर भाग नव्हता. पण तो लिहायला तसंच दुसरं, चालू असलेलं मशीन हवं. मी सुई खाली टाकून उभी राहिले.

"सातिवली!"

"कटे?" आय म्हणाली.

मी सगळं सांगितलं, तिला किती कळलं माहीत नाही. बाबांना शनिवारी केळ्यांच्या गाडीबरोबर जायचं होतं, त्यामुळे ते येऊ शकत नव्हते. मी एकटी जाईन म्हटलं. आय म्हणाली, "कारखान्यात एकटी? मी येते." आणि मग, मोगऱ्याच्या हंगामात, शनिवारी सकाळी, जिने तापातही वाडी सोडली नव्हती त्या माझ्या आयने शेजारणीला करंडी सोपवली, लाल लुगडं नेसली, केळीच्या सुक्या पानांत बांधलेली सुकेळी पिशवीत घातली आणि माझ्या पुढे चालायला लागली.

वसई स्टेशनला एस.टी.तून उतरून आम्ही पूल ओलांडला आणि पलीकडे टेम्पोत बसलो. सातिवलीला तेव्हा पत्र्याच्या शेड, मध्ये गवत, परत शेड, आणि सगळीकडे लोखंड कापल्याचा आवाज. विजेची बटणं बनवणाऱ्या एका कारखान्यात ते मशीन होतं. तिथले व्यवस्थापक परांजपे नावाचे, पन्नाशीचे, चष्मा कपाळावर. त्यांनी आधी आयकडे बघितलं, मग पिशवीकडे, मग माझ्याकडे.

"विकायला आलात का काही?"

"नाय," आय म्हणाली. "ही माजी पोरगी मशीनची मास्तरीन हाय. तिला तुमचं मशीन पायजे."

मी लाजेने मेले. पण परांजपे हसले आणि आत घेऊन गेले. त्यांची फ्लॉपी घालून मशीन सुरू केलं आणि माझी नक्कल तपासली. सगळं जागच्या जागी होतं. प्रोग्राममध्ये मी एक ओळ वाढवली, की पहिले सेक्टर यादीत असोत नसोत, उचलायचेच, आणि त्यांच्या फ्लॉपीवरून ते तेवढे माझ्या नकलेवर आणले. मशीन बंद केलं, नक्कल घातली, बटण दाबलं. पडद्यावर अक्षरं आली. माझ्या तोंडून किंकाळीच निघाली. आयने छातीवर क्रूसाची खूण केली.

परांजपे मात्र पडद्याकडे बघतच होते. "हे तुम्ही पूर्ण फ्लॉपी न वाचता केलंत?" मी समजावून सांगितलं. त्यांच्याकडे मालाच्या नोंदींच्या ढीगभर फ्लॉपी होत्या. रोज प्रत्येकीची कॉपी करायची, मध्येच वीज जायची, मग पहिल्यापासून. ते काम करायला कोणी तयार नसायचं. "माझ्या एका फ्लॉपीवर चालवून दाखवा," ते म्हणाले, आणि तेवढ्यात त्यांना बाहेर कोणीतरी बोलावलं. मग मी आणि आय दोघीच. मी पडद्यासमोर आणि ती शेजारी स्टुलावर, दोन्ही मांड्यांवर एकेक फ्लॉपी. मी म्हणायचे "मूळ" आणि ती उजव्या मांडीवरची द्यायची. "नक्कल", आणि डाव्या मांडीवरची. खिडकीला बोट न लावता, कडेला धरून, जिवंत मासा धरावा तशी. परांजपे परत येईपर्यंत आमच्या तीन फ्लॉपी झाल्या होत्या आणि चौथीसाठी आय हात पुढे करून बसली होती. मी एकदाही उठले नव्हते. मला ते कळलं नाही, पण आय माझ्याकडे वेगळ्याच नजरेने बघत होती ते कळलं.

"तुम्ही इथे कामाला याल का?" परांजप्यांनी विचारलं. "सोमवारपासून. मला असं माणूस पाहिजेच आहे."

तसल्या शेडमध्ये, त्या आवाजात, रोज नवा गुंता सोडवायला मिळणं म्हणजे काय, ते मला त्या एका दुपारी कळलं होतं. शाळा गावातच होती, तिथे जायच्या आधी पहाट मोगऱ्याला देता यायची. सातिवलीला जायचं तर उजाडताच निघावं लागलं असतं. मी आयच्या हातांकडे बघितलं. कळ्या खुडून तिच्या नखांच्या कडा कायमच्या काळ्या झाल्या होत्या.

"नको साहेब," मी म्हटलं. "मला शाळा आहे."

ते ठीक आहे म्हणाले, पण पुढच्या शनिवारपर्यंत विचार बदलला तर या. आयने त्यांना सुकेळी दिली आणि उन्हात ठेवू नका म्हणून बजावलं. परतीच्या वाटेवर ती एक शब्द बोलली नाही. मी एरवी तिच्या बोलण्याला कंटाळायचे. त्या दिवशी तिचं गप्प बसणं मला सोसवेना. "काय झालं? झालं ना काम?" मी विचारलं. ती रिकाम्या पिशवीची घडी घालत राहिली.

रविवारी मिस्सा झाल्यावर शाळेचा हॉल भरला. एका बाजूला पुरुष, एका बाजूला बायका, पुढे कमिटी. इनासमामांनी हाताची घडी घातली होती. मी नकलेवरून मशीन सुरू केलं. पाढ्यांचा प्रोग्राम चालवला, मग प्रत्येकाच्या जन्मतारखेवरून वार सांगणारा एक छोटा प्रोग्राम. इनासमामांची तारीख घातली आणि वार आला शुक्रवार. ते हरखले. त्यांच्या आईने त्यांना सांगितलं होतं म्हणे, तू शुक्रवारचा, म्हणून हट्टी. सगळा हॉल हसला आणि मला कळलं, जिंकलो. शिवणवर्गाला ओटा चालेल, असं इनासमामा स्वतःच म्हणाले. फादर उभे राहिले. मशीनला आशीर्वाद फळला, म्हणाले, आणि मी आयकडे बघायचं टाळलं. "तर पुढच्या वर्षीही वर्ग चालेल," फादर म्हणाले, "आणि आपली मार्थाच तो शिकवील." टाळ्या सुरू झाल्या. मीही हसत होते. मला हवं होतं ते मिळालं होतं आणि मला आनंद होत नव्हता. हे आज इतक्या वर्षांनीही मला तितकंच स्पष्ट आठवतं. शाळेतली ती खोली मला तेव्हाच लहान वाटायला लागली होती आणि ते कोणाला सांगायची सोय नव्हती.

टाळ्या थांबायच्या आत बायकांच्या रांगेतून आय उभी राहिली. कुठल्याही सभेत ती कधी बोलली नव्हती. तिने पदर डोक्यावर नीट केला.

"फादर, ती नाय शिकवनार."

मागे बाबा अर्धवट उठले.

"सातिवलीच्या सायबानं तिला काल कामाला बोलावलं," आय म्हणाली. "ती नाय म्हनाली. माज्यापायी नाय म्हनाली, मी बगत हुते. पन ती जानार हाय. शालेला कोनी दुसरी बगा."

आणि ती खाली बसली.

मला आधी राग आला. एवढ्या लोकांत, मला न विचारता! सगळं आयुष्य मी स्वतःच्या मनाने कुठेतरी जाण्यासाठी तडफडत होते आणि दार उघडलं ते तिने, माझ्या हातातून कडी काढून घेऊन. मग तो राग वितळला आणि डोळ्यांत पाणी आलं. त्या दोन्हींतलं खरं कुठलं हे मला अजून ठरवता आलेलं नाही. आयने पुढे कधी त्यावर बोलू दिलं नाही, मी विषय काढला की ती उठून जायची.

फादरांनी माझ्याकडे वळून विचारलं, "मार्था, खरं का हे?"

"हो फादर," मी म्हटलं. "मी जाते."

आयने माझ्याकडे बघितलं नाही. शेजारी बसलेल्या बाईच्या कानाशी वाकून ती बोलली, हळूच बोलायला गेली, पण हॉल इतका शांत होता की शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं. "मोगऱ्याला बाय बगायला पायजे आता. तुज्या वळखीत हाय का कोनी?"